प्रतिसाद: अँजिओग्राफी केली की स्टेंट टाकतातच का?

वर विचारलंय तसं काही नाही हो, अँजिओग्राफी ही नुसती तपासणी आहे; स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, ती गरज असेल तरच. आमच्या मामांची इथे नाशिकलाच झाली, मनगटातून बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेली, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडला की स्क्रीनवर सगळं दिसतं आणि मामा पडल्यापडल्या बघत विचारतायत ‘ही कुठली?’ (डॉक्टर वैतागले असणार). ब्लॉक (वाहिनीतला अडथळा) अर्ध्याहून कमी निघाला, गोळ्यांवर भागलं. साधारण ७० टक्क्यांच्या पुढे असेल आणि छातीत दुखत असेल तर फुग्याने वाहिनी रुंद करून स्टेंट टाकायचा विचार करतात, तेही त्याच नळीवाटे. किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा, डायमुळे क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का हे दाखवणारा रक्तातला घटक) वाढू शकतं. तब्येत स्थिर असेल तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन खुशाल दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, पण अटॅक चालू असताना नाशिकभर सिडको ते गंगापूर रोड सेकंड ओपिनियन शोधत फिरू नका, तेव्हा मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.