सल्ला हवा: छपाईचं प्रेस (दाबयंत्र) नसताना मोनोटाइप जमेल का?

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं जलरंगात काम करतेय, हल्ली मोनोटाइपचा नाद लागलाय. काचेवर ॲक्रिलिकने चित्र काढते, कागद ठेवून मागून हाताने घासते. कागद उचलला की अर्धा रंग काचेवरच वाळलेला, उरलेला फिसकटलेला. प्रेस घेणं शक्य नाही. जेल प्लेट, म्हणजे ती जेलीसारखी मऊ छपाईची प्लेट, घेऊ का? आणि मोनोटाइप, मोनोप्रिंट एकच ना?

प्रतिसाद १:
एकच नाही. मोनोटाइपची प्लेट, म्हणजे तुमची काच, कोरी असते. त्यावरचं चित्र एका छापेत जवळजवळ संपतं. मोनोप्रिंटच्या प्लेटवर एचिंग (धातूवर आम्लाने कोरणं) किंवा लिनोकटसारखं (लिनोलियमवर कोरणं) कायमचं काहीतरी कोरलेलं असतं, दर वेळी शाई मात्र वेगळी लावायची.

प्रेसवाचून खुशाल करा. आधी रंग बदला. ॲक्रिलिक काचेवर बघता बघता वाळतो, तुमचा हात कितीही चालो. साबणाच्या पाण्याने धुऊन निघणारी तेलाची छपाईची शाई घ्या. ती रोलरने अगदी पातळ पसरवा. बारीक चरचर ऐकू आली की थर बरोबर; रोलर चपचपला तर शाई जास्त झाली, कागदाने टिपून घ्या.

सुरुवात रेषेच्या मोनोटाइपने करा. शाई लावलेल्या काचेवर पातळ कागद अलगद टेकवायचा आणि पाठीमागून पेन्सिलीने काढायचं. दाबाखालची शाई कागद उचलतो. रेषेला मखमली, किंचित केसाळ कड येते, ती पेनाने आणून दाखवाच! फ्रेंच चित्रकार गोगँने 1899 च्या सुमारास याच रीतीने कितीतरी चित्रं केली. तळहात टेकला की तिथेही डाग उमटतो, म्हणून मी दोन जाड पुस्तकांवर पट्टी आडवी ठेवून त्यावर हात टेकते.

जेल प्लेट पानांचे, कापडाचे पोत घ्यायला छान, ॲक्रिलिकही तिच्यावर चालतो. पण तुम्हाला रेषा हवी आहे, तर आत्ता घेऊ नका.

प्रतिसाद २:
जलरंग येतात तर तेच वापरा की. ॲक्रिलिकची (रंग नव्हे, प्लॅस्टिकची) शीट बारीक पॉलिश पेपरने खरवडा, डिंकाच्या पाण्याचा पातळ हात देऊन वाळू द्या, मग रंगवा. तेही पूर्ण वाळू द्या. छापताना कागद भिजवून टिपायचा, वरची चकाकी गेली पाहिजे. ओल लागली की रंग सुटतो. चमच्याच्या पाठीने नेटाने घासा आणि एक कोपरा उचलून बघत राहा.

प्रतिसाद ३:
दुसरी फिकट छाप, म्हणजे घोस्ट, फेकू नका. फ्रेंच चित्रकार देगाच्या कित्येक पेस्टल चित्रांखाली असलीच मोनोटाइपची छाप आहे. पूर्ण काळ्या प्लेटवरून चिंधीने, बोटाने उजेड पुसून काढायचं त्याचं कामही जरूर बघा. ही पुसण्याची रीत 1640 च्या दशकात इटलीतल्या जेनोव्हाच्या कास्तिल्योने या चित्रकारानेही वापरली होती.

धागाकर्ती:
रेषेची रीत करून पाहिली. खुर्चीवर टाकलेली ओढणी काढली. चार कागद वाया गेले, पाचव्यावर घडीची रेषा हवी तशी उमटली. फक्त चित्र डावीकडचं उजवीकडे आलं. सहीजवळ काय लिहू?

प्रतिसाद १:
1/1 लिहा, म्हणजे एकमेव प्रत, पेन्सिलीने. उलटं नको असेल तर मूळ रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घेऊन पालथं घाला. ओढणी इथे टाका, बघायची आहे!