गालाच्या कॅन्सरमध्ये छातीचं मांस लावतात, मांडीचं काऊन नाही?

कास्तकार_यवतमाळ: बाबाले गालाचा कॅन्सर निंघाला, खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) मेहरबानी. नागपूरले ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणते गाल, जबड्याचा तुकडा अन मानेच्या गाठी काढू, अन खड्डा छातीच्या मांसानं भरू, पीएमएमसी फ्लॅप. बाजूच्या बेडवाल्याले मांडीचं लावलं. आमचं योजनेत हाय म्हणून स्वस्तातलं करून रायले का? आई तर छाती कापतील म्हणून जेवणच सोडून बसली.

सिस्टर_वर्धा: तसं नाही भाऊ. छातीच्या मांसाची रक्तनळी तोडत नाहीत, तशीच ठेवून कातडीखालून मानेतून वर गालापर्यंत नेतात, मोटारीचा पाइप न काढता पुढच्या वावरात ओढून नेल्यासारखं समजा. १९७९ पासून ही पद्धत चालू आहे, अन आजही भरवशाची. मांडीचं मात्र पूर्ण सोडवून नळ्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या नळ्यांना जोडाव्या लागतात, त्यात तास जास्त जातात, अन जोडात गुठळी झाली तर लगेच परत ऑपरेशन थेटरात न्यावं लागतं. आकार मांडीच्यानं पुष्कळदा बरा येतो हे खरं. पण वय, शुगर, हार्ट, किती मोठा भाग काढायचा, सगळं पाहून ठरवतात. सरळ विचारा डॉक्टरांना, आमच्यासाठी हेच का, रागवत नाहीत.

अकोट_वाला: माह्या काकाचं छातीचंच झालं. नाकातल्या नळीतून जेवण, गळ्याले भोक पाडून श्वासाची नळी, पाहून घाबरू नका, बहुतेकाइची दोन्ही नंतर निंघते. फ्लॅप निळा, काळा नाहीतर पांढराफटक दिसला का रात्रीबेरात्री सिस्टरले उठवा, अन गळ्याची पट्टी करकचून बांधू देऊ नका, आतली रक्तनळी दबते. एक गोष्ट आमाले कोणीच सांगतली नव्हती, छातीचे केस तोंडात उगवतात! काका दिवसभर थू थू करे. शेक (रेडिएशन) दिल्यावर बरेचसे गेले. अन खर्रा घोटून आणणाऱ्या दोस्ताइले वार्डात येऊच देऊ नका, उशीखाली पन्नी सापडली होती आमच्या इथं.

कास्तकार_यवतमाळ: शुगर हायच बाबाले. छातीवर खड्डा राहते का मंग? हात चालन का?

सिस्टर_वर्धा: बहुतेक वेळा कातडी ओढून टाके मारतात, वण अन थोडा चपटेपणा राहतो. आत साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढायच्या नळ्या काही दिवस राहतील. खांदा आखडतो, म्हणून डॉक्टर म्हणतील तेव्हापासून हात वर करायचा अन तोंड उघडायचा व्यायाम रोज, दुखलं तरी. अन शेक सांगितला तर साधारण ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो, सोयाबीन काढणी आहे म्हणून तारीख पुढे ढकलू नका.