गेंड्याला गवत टाकलं की झालं ना?

निपाणीकर: मैसूरच्या झूमध्ये गेंडा बघून आलो, पोरगी विचारली हे खातंय काय, मी म्हटलं गवत, आपल्या म्हशीसारखं. बरोबर हाय न्हवं?

खानापूरचा गडी: तो एकशिंगी, त्याला गवत चालतंय. त्याचं दुखणं पायाचं, काँक्रीटवर राहून तळवे फाटतात, म्हणून चिखलाचं डबकं पाहिजेच. सुमात्रन गेंडा मात्र पाला खाणारा. 1984 पासून जंगलातनं 40 धरले, त्यातले काही अमेरिकेत नेले, तिथं वाळलेलं गवत घालत बसले आणि एकेक मरायला लागला, शेवटी तिथल्या सिनसिनाटी झूनं वड-उंबराच्या जातीचा पाला विमानानं मागवला तेव्हा मरायला टेकलेला इपू नावाचा नर उठून खायला लागला बघा! त्याचंच पिल्लू अंदालास, 2001 चं. झूमध्ये त्याच्या आधीचं पिल्लू 1889 ला, कोलकात्यात.

चिकोडीची अक्का: लोहाचं पण हाय की वो. पाला खाणाऱ्या गेंड्यांच्या अंगात झूच्या खाण्यातनं लोह साठत जातंय, अंदालासची आई एमी 2009 ला त्यानंच गेली. आता रक्त तपासत राहतात. आमच्या गोठ्यात म्हशीचं कोण तपासतंय म्हणा.

निपाणीकर: आता पोरगी म्हणतेय पुढच्या वेळी बांधावरच्या उंबराची फांदी घेऊन जाऊया.

खानापूरचा गडी: गेटवरच काढून घेतील 😀