शब्दचर्चा: 'कृपेने तारण' वाचून तुम्हाला काय आठवतं?

मिरजेची_लेक
नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत होते, आज अडले म्हणून लिहितेय. आमच्या मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी. इथं 'मंडळी' म्हटलं की सगळेच वळून बघतील) एक २४ पानी पुस्तिका मराठीत आणायचं काम गळ्यात पडलंय. मूळ इंग्रजी, सोबतीला तिचं हिंदी. विषय दोनच. माणसाचं तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेनं होतं, स्वतःच्या पुण्याईवर नाही, हा एक. आणि त्या कृपेला कुणी अटी जोडायला लागला तर त्याला ओळखायचं कसं, हा दुसरा.

मुखपृष्ठावर मोठ्या टायपात 'कृपेने तारण' लिहून सांगलीत डीटीपीला दिलं. त्या पोरानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "ताई, पतसंस्थेचं नाव वर टाकू का खाली? आणि ग्रॅमला किती देताय ते?" त्याला ते सोनेतारण कर्जाचं हँडबिल वाटलं!

तिथं हसले, पण घरी येईपर्यंत हसू गेलं. हा शब्द मी पाळण्यापासून ऐकतेय. मग शब्द बदलू का? हिंदी बायबलात 'अनुग्रह' आणि 'उद्धार' आहेत, ते चालतील? आणि दुसऱ्या भागाला आमचे पाळकसाहेब 'पाखंडापासून सावधान' म्हणतात, तरुण संघ 'खोटे शिक्षण' म्हणतो. 'खोटे शिक्षण' वाचलं की मला बोगस मार्कशीट दिसते.

निवृत्त_शाखाधिकारी
३१ वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यामुळे या शब्दावर माझा हक्क आहे असं समजतो. आधी एक गोंधळ काढून टाकू. तारण आणि गहाण एक नाही. जमीन, घर गहाण पडतं, त्याचं गहाणखत होतं. सोनं, माल बँकेच्या ताब्यात आला की ते तारण. वस्तू कर्जदाराकडेच राहिली तर नजरगहाण. आपल्या सांगलीत हळदवाल्यांना शेतमाल तारण योजना पाठ असते: माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल, मुदत १८० दिवस. भाव आला की विकायचा.

आणि ताई, तुम्ही जे सांगताय त्यात माणसाला काहीच ठेवावं लागत नाही ना? मग आमच्या भाषेत ते 'विनातारण' झालं!

मिरजेची_लेक
हे पाळकसाहेबांना सांगितलं तर पुढच्या रविवारी उपदेशात येईल. 😄

पोथीनिष्ठ
शाखाधिकारीसाहेब, हक्क वगैरे राहू द्या. 'तृ' धातू, ओलांडणे, पार करणे. त्यातून तरणे, तारणे, तर (नदीवरची नाव), तारू, उतारू, तरणोपाय, अगदी अवतारसुद्धा. 'देव तारी त्याला कोण मारी' यात कुठली पतसंस्था आहे? ख्रिस्ती मंडळींच्या बायबलातही नोहाचं 'तारू'च आहे. म्हणजे तारू आणि तारण सख्खी भावंडं. बँकेनं शब्द उसना नेला आणि आता मूळ मालकालाच ओळखपत्र मागतेय. डीटीपीवाल्या पोराला शब्द येत नाही म्हणून शब्द बदलायचा? पोर बदला.

हळकुंड
पोर बदलून काय होणार? पुस्तिका त्याच्यासारख्यांनीच वाचायची आहे. शब्द कुठून आला यापेक्षा आज कानावर काय पडतं ते बघा की. आमच्या गल्लीत सोनेतारणाचे तीन बोर्ड आहेत आणि नदीला 'तर' कुणी बघितलेली नाही.
जाता जाता: 'तारांबळ' पण यातलाच ना? पुरातून तरताना होते ती?

पोथीनिष्ठ
नाही हो! तारांबळ 'ताराबलं चंद्रबलं तदेव' मधली, लग्नात भटजी घाईनं म्हणतात त्यातली. मुहूर्त टळायच्या आत सगळ्यांची जी धावपळ होते ती तारांबळ.

हळकुंड
ही पण ऐकीवच व्युत्पत्ती. तुमची ती शास्त्रीय, आमची ती गावठी, असं का?

माणदेशी
अनुग्रह नका घालू ताई. आमच्याकडं 'अनुग्रह घेतला' म्हंजी गोंदवल्याला जाऊन नाम घेतलं. माझ्या आज्जीनं घेतला हुता, तवापास्नं तिनं कांदा सोडला. तुमचं पुस्तक वाचून एखादी म्हातारी इचारंल, कुठल्या म्हाराजांचा?
आन् उद्धार तर नकोच नको. परवा म्हसवड गाडीत सुट्ट्या पैशावरनं कंडक्टरनं माझा आन् माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

निवृत्त_शाखाधिकारी
हा हा. माणदेशीभाऊ, मुद्दा सोळा आणे. हिंदीतला 'उद्धार' मराठीत आला की शिवीगाळ होते.

सातारारोड
जरा मागे जाऊ या. ही भानगड आजची नाही. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटी शेवटी साताऱ्यातच होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तो इथंच. टिळकांचा कल असा की ख्रिस्ताची गोष्ट अभंगात सांगायची, टाळ-कीर्तनात सांगायची, तुकोबांच्या शब्दांना घाबरायचं नाही. त्याच काळात केडगावला पंडिता रमाबाई नेमक्या उलट टोकाला. त्या संस्कृत पंडिता, पण बायबलचं भाषांतर करताना जुन्या धर्मकल्पना चिकटलेले जड शब्द टाळून खेड्यातल्या बायकांना कळेल अशी मराठी हवी म्हणून बसल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं ते भाषांतर त्या गेल्यावर, १९२४ मध्ये पुरं छापून झालं. दोघंही चित्पावन घरातून आलेले, दोघंही श्रद्धेनं ख्रिस्ती, आणि शब्दांबाबत एकमत नाही. तेव्हा आपलं इथं होईल अशी आशा नको.

माझं मत विचाराल तर रमाबाईंच्या बाजूनं. पण गोडी टिळकांच्यात.

हळकुंड
कृपेचं काय? 'कृपा' तरी बिनधोक आहे का? आमच्या बाजारात 'साहेबांची कृपा' म्हणजे वशिला.

मिरजेची_लेक
कृपेबद्दल मला शंका नाही. बायबलात पौलाचं इफिसकरांस पत्र आहे, त्यात २:८ मध्ये 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे' असंच आम्ही पाठ केलंय. गोव्याच्या कोकणी प्रार्थनेतही मारियेला 'कुर्पेन भरिल्ले' म्हणतात, म्हणजे तिकडं कृपेची 'कुर्पा' होऊन घरात मुरली. मुलांना शिकवताना मी ग्रेस मार्कांचं उदाहरण देते. पण ते अर्धंच लागू पडतं. ग्रेसनं पास व्हायला ३५ च्या जवळपास तरी जावं लागतं, शून्यवाल्याला कोण ग्रेस देतो? पौल म्हणतो ती कृपा शून्यवाल्यालाच आहे. एका पोरानं लगेच विचारलं, "मग अभ्यास कशाला करायचा?" हा प्रश्न पौलालाही लोकांनी विचारला होता, रोमकरांस पत्रात सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे.

पोथीनिष्ठ
रोमकर निघालंच आहे तर ३:२४ बघा. 'खंडणी भरून मिळवलेल्या मुक्तीच्या द्वारे'. आता बोला! आज खंडणी म्हटलं की खंडणीविरोधी पथक येतं. पण मूळ शब्द सरळ आहे. खंडून, म्हणजे एकदाच ठरवून टाकलेली रक्कम. आपल्याकडे जमीन खंडानं लावतात तो खंड हाच. पराभूत राजाचा मुलूख खंडणी भरून सुटायचा. भाषांतर करणाऱ्यानं विचार करून शब्द घातला, गुंडांनी तो पळवला. त्याच वचनातलं 'विनामूल्य' मात्र मला पुस्तकी वाटतं. 'फुकट' म्हणा.

निवृत्त_शाखाधिकारी
फुकट म्हटलं की माल खराब असतो.

सातारारोड
त्याच पुस्तकात 'विसार' पण आहे. इफिसकरांस पत्र १:१४, पवित्र आत्मा हा वतनाचा विसार. इसार पावती केलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला भाष्याविना कळेल. विसार, वतन, खंडणी, तारण... अख्खी तलाठी कचेरी आहे तिथं! मला तर वाटतं व्यवहाराचा वास हा त्या भाषेचा दोष नाहीच. ग्रीकमध्येही विसारासाठी जो 'अर्राबोन' आहे तो बाजारातलाच शब्द.

माणदेशी
पाखंडाचं कुणी बोलंना. ताईंनी दोन गोष्टी इचारल्या हुत्या.

पोथीनिष्ठ
पाखंड उत्तम शब्द आहे. ठेवा.

सातारारोड
उत्तम, पण त्याचा इतिहास गमतीचा. अशोकाच्या गिरनारच्या शिलालेखात 'पासंड' हा शब्द निव्वळ 'पंथ' या अर्थी आहे, शिवी नाही. सगळ्या पासंडांचा मान राखावा, असं राजा सांगतो. पुढं आपला तो धर्म आणि दुसऱ्याचं ते पाखंड झालं. आणि ग्रीकमध्ये हुबेहूब तेच घडलंय. 'हायरेसिस' म्हणजे आधी निवड, मग पंथ, मग पाखंडी मत. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात २४ व्या अध्यायात पौलावरच आरोप आहे की तू नासोरी (म्हणजे येशूच्या) पंथाचा पुढारी, आणि तिथं शब्द हाच. म्हणजे पाखंडापासून सावध करणारा पौल स्वतः कुणाच्या तरी लेखी पाखंडीच.

हळकुंड
म्हणूनच तो शब्द नको. सातारा-सांगलीत पाखंडी म्हटलं की कुणीतरी कुणाच्या तरी देवावर बोलतंय असं वाटतं आणि उगाच वातावरण तापतं. इथं तर घरातल्याच माणसाबद्दल बोलायचंय ना?

मिरजेची_लेक
हो, घरातल्याच. सांगून टाकते. ही पुस्तिका निघाली त्याला कारण माझी आत्या आहे. दोन वर्षांमागं बाहेरून एक प्रचारक यायचे. नाव घेत नाही. प्रार्थना चांगली करायचे, गळाही गोड. हळूहळू सुरू झालं की देवाकडून बरेपण हवं असेल तर आधी विश्वासाचं 'बी' पेरावं लागतं, आणि बी म्हणजे रोख. आत्याचे गुडघे गेलेले. तिनं हातातल्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या आणि पैसे त्यांना दिले. मला कळलं ते पावतीवरून. बायबलमध्ये घडी घालून ठेवली होती, वर छापलेलं 'सोने तारण'. गुडघे आहेत तसेच आहेत. आत्या म्हणते, माझाच विश्वास कमी पडला. पैसे गेल्याचं सोसता येईल, पण हे वाक्य ऐकवत नाही.

गलतीकरांना पौल चिडून लिहितो ते याच कारणानं. तिथं तारणाला सुंतेची अट घातली जात होती, इथं पाटल्यांची. म्हणून डीटीपीवाल्याचं बोलणं मला इतकं लागलं.

निवृत्त_शाखाधिकारी
ताई, शब्दाचं नंतर बघू. पावतीवर मुदत काय आहे? व्याज थकलं तर आधी नोटीस येते, मग लिलाव. सध्या निदान व्याज भरून नूतनीकरण करून घ्या, मुद्दल सवडीनं. आणि वजनाची नोंद तपासा, पाटल्यांत लाख असते, ती वजा करून निव्वळ वजन लिहिलेलं असतं.

पोथीनिष्ठ
वाईट वाटलं. आत्यांना नमस्कार सांगा.
(शाखाधिकारी, पाटल्यांत लाख नसते, पोकळ बिलवरांत असते.)

निवृत्त_शाखाधिकारी
आमच्याकडं आलेल्या जुन्या पाटल्यांत असायची. मी हातानं तोलल्यात.

माणदेशी
ताई, एक सुचवतो. 'सावधान' लग्नातला शब्द हाय, ऐकला की अक्षता टाकायला हात वर जातो. आमी मेंढरंवाली माणसं. तुमच्या पुस्तकात लांडगा मेंढराचं कातडं पांघरून येतो म्हंत्यात. आमच्याकडं त्यो कातडं बी पांघरत न्हाई, रातच्याला वाघरीच्या (मेंढरांभवतीच्या जाळीच्या) कडंनं येतो, आन् वाऱ्याला उलटा येतो म्हंजी कुत्र्याला वास लागू ने. त्याला आमी 'राखण' करतो. राखण म्हंजी नुसतं भ्या दाखवणं न्हाई, जागं बसणं. 'कळपाची राखण' म्हणा की.

मिरजेची_लेक
माणदेशीदादा, हे फार आवडलं. पौलही शेवटी 'विश्वास राखला आहे' असंच म्हणतो. पाळकसाहेबांपुढं ठेवते.

पोथीनिष्ठ
राखण ठीक, पण कशापासून राखण ते नाव द्यावंच लागेल. पाखंड.

हळकुंड
खोटी शिकवण.

पोथीनिष्ठ
शिकवण-शिकवणी ऐकून क्लासची जाहिरात वाटेल.

मिरजेची_लेक
पुस्तिका काल छापायला गेली. मुखपृष्ठावर 'कृपेने तारण'च ठेवलं, फक्त खाली होडीचं चित्र टाकायला सांगितलं. त्या पोरानं इंटरनेटवरून शिडाचं गलबत काढून लावलंय. कृष्णेत गलबत! बदला म्हटलं तर म्हणतो, दुसरी होडी फुकट मिळत नाही.

हळकुंड
काहील टाका की. पुरात आमच्याकडं गुळाच्या काहिलीतच (उसाचा रस आटवायचं ते भलंमोठं भांडं) बसवून माणसं पलीकडं न्यायचे. दोघं पोहणारे कडेला धरून, आत म्हातारी, शेळी आणि रेशनकार्डाची पिशवी. माझी आई तशीच आलीय. तिला काही करायचं नव्हतं, फक्त हलायचं नव्हतं.

निवृत्त_शाखाधिकारी
काहील का काईल? आमच्या वाळव्याकडं काईल म्हणतात.

माणदेशी
कायल.

पोथीनिष्ठ
मूळ शब्द कटाह असावा, त्यावरून कढई आणि...

हळकुंड
कढई वेगळी हो. कढईत माणूस बसतो का?