विषय: चैत्रगौरीसाठी जुन्या फुलदाण्यांना मातीच्या भांड्याचं रूप

प्रेषक: सजावट समिती

नमस्कार मंडळी,

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यंदा नवी सजावट विकत आणायची नाही, असं समितीत ठरलं. मंडळाच्या कपाटात काचेच्या फुलदाण्या पडून आहेत, आणि लोणच्याच्या, सॉसच्या रिकाम्या बरण्या तर घरोघरी निघतील. अ‍ॅक्रिलिक रंगात खाण्याचा सोडा कालवून काचेला जुन्या मातीच्या भांड्यासारखा खरखरीतपणा आणतात, तसं करायचा विचार आहे. दोन शंका आहेत. गुळगुळीत काचेवर हा रंग टिकेल का? आणि नुसतं तपकिरी फासल्यासारखं न दिसता खरंच जुनं दिसावं, यासाठी काय करायचं? काकू, तुम्ही नागपूरला आहात, सवडीने उत्तर द्या.

---

प्रेषक: काकू, सध्या मुक्काम धरमपेठ

ताई,

रंग टिकतो, पण काच आधी तयार करावी लागते. काच रंग पीत नाही, म्हणून त्याला धरायला जागा आपणच करून द्यायची. लेबलाचा चिकटा खोबरेल तेलाने काढा, साबणाने धुवा, मग स्पिरिटने पुसा. तेलाचा एक थेंब राहिला तरी तिथून पापुद्रा सुटतो. नंतर बारीक पॉलिश पेपर ओला करून चकाकी मरेपर्यंत फिरवा. कोरडा घासू नका, काचेची भुकटी नाकात जाते. वरून प्रायमरचा एक पातळ हात.

दोन चमचे रंगाला एक चमचा सोडा घेऊन सुरुवात करा. थालीपिठाच्या पिठापेक्षा थोडं सैल झालं की पुरे. बेकिंग पावडर मात्र नको. तिच्यात आम्ल असतं, ओली झाली की फसफसते. ब्रश उभा ओढू नका, आडवा आणि गोल फिरवा. चाकावर घडलेल्या भांड्यावर कुंभाराच्या बोटांच्या रेषा आडव्याच असतात. उभे फटकारे दिसले की डोळ्याला लगेच कळतं, हे रंगवलेलं आहे.

आता रंगाचं. माझं मनापासून सांगणं आहे, की सरसकट तपकिरी करू नका. आपल्याकडे बघायला खरी जुनी भांडी आहेत. नागपुराहून काटोल रोडने निघालं की जुनापाणीची शिळावर्तुळं लागतात. मोठमोठ्या दगडांनी आखलेली ही लोहयुगातली दफनं. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा ही याच काळातली ठिकाणं, इसवी सनापूर्वी सुमारे 1000 ते 300 मधली. तिथे जी भांडी निघाली त्यांत काळी-लाल भांडी आहेत: बाहेरून लाल, आतून आणि काठाशी काळी. भांडं भट्टीत पालथं ठेवून भाजलं, की तोंडाला आणि आतल्या बाजूला हवा मिळत नाही, तो भाग काळा पडतो. बाहेरच्या अंगाला हवा लागते, ते लाल होतं. त्या दोन रंगांची हद्दही रेघ मारल्यासारखी सरळ नसते, धुरकट असते. तुम्ही स्पंजने काळा वरून खाली थोपटत आणा आणि हळूहळू विरळ करा. खालच्या अंगाला गेरूचा लाल. या भागात अभ्रक मिसळलेली लाल भांडीही सापडली आहेत, तेव्हा एखाद्या बरणीच्या रंगात चिमूटभर अभ्रकाची पूड टाका. उजेडात किती सुंदर दिसतं बघा!

जुनेपणा सगळ्यात शेवटी. माती, धूळ साचते ती खाचेत, मानेखाली, बुडाशी. पोटाचा फुगीर भाग हाताळून उजळ राहतो. म्हणून करडा-काळा रंग खूप पातळ करून पूर्ण अंगाला लावा आणि ओला असतानाच फडक्याने फुगीर भागावरून पुसून घ्या. खाचेतला राहू द्या. इथे मी त्या पातळ रंगात शेतातली काळी माती वस्त्रगाळ करून घालते. पण चिमूटच. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, जाड थरात घातली तर रंग उकलून निघेल. सगळं वाळलं की मॅट वार्निश. चमकदार वार्निशने केलेल्या कामाचा जीव जातो.

इथे तर ऊन असं तापून राहिलं आहे, की ब्रश बरणीपर्यंत नेईस्तोवर रंग आटतो. पहाटेच रंगवते. तुमच्याकडे तो त्रास नाही.

---

प्रेषक: एक सभासद

काकू, फार छान सांगितलंत. तुमच्याकडे ऊन, तर इथे उलट अडचण आहे. गॅरेजमध्ये रंगवायला बसू नका, मंडळी. एप्रिलमध्येही तिथे गारठा असतो आणि 10 अंशांखाली अ‍ॅक्रिलिकचा थर नीट जुळून येत नाही, नंतर भुकटी होऊन झडतो. घरात, खिडकी किलकिली ठेवून करू. दुसरं म्हणजे, कोणाकडे आजोळची प्रभाकर कंदिलाची काच असेल, ओगलेवाडीच्या जुन्या काचकारखान्यातली, तर ती कृपया रंगवायला आणू नका. ती जशी आहे तशीच गौरीपुढे ठेवू.

काकू, काळा रंग आतूनही द्यायचा का? मोगऱ्याला पाणी तर लागणार.

---

प्रेषक: काकू

बरं झालं विचारलंत. तोंड रुंद असेल तर आतून दोन बोटं काळा द्या, तेवढाच दिसतो. त्याखाली काच कोरी ठेवा आणि पाणी रंगाच्या खालीच राहू द्या. तोंड अरुंद असेल तर आत रंग नकोच, काठावरच थांबा. आत दिवा किंवा मेणबत्ती ठेवायची नाही, उष्णतेने अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं. हळदीकुंकवाच्या आधी निदान आठवडाभर तरी रंगवून ठेवा. हाताला कोरडा लागला तरी थर आतून पक्का व्हायला वेळ घेतो, आणि त्याआधी बरण्या एकमेकींना टेकवून खोक्यात भरल्या तर चिकटतील. नंतर धुवायच्या नाहीत, ओल्या फडक्याने पुसायच्या.

अभ्रकाची पूड मी येताना घेऊन येते. किती बरण्या होतात ते कळवा.