न खेळलेले टॅक्टिक्स गेम्स कपाटात भरून ठेवण्यात काय अर्थ?

प्यादं_पुढे
सरळच विचारतो, राग नको मानू कोणी. चौकटीचौकटीवर सैनिक सरकवायचे ते गेम्स, म्हणजे फायर एम्ब्लम, टॅक्टिक्स ओगर, डिसगाया, शायनिंग फोर्स वगैरे, ह्यांचं कलेक्शन करणारे आपल्या गोव्यातच आता बरेच झालेत, पण त्यातले खेळतात किती? हे काय अर्धा तास मिळाला म्हणून दोन लेव्हल मारून ठेवून द्यायचे गेम नव्हेत. फायनल फँटसी टॅक्टिक्स नीट खेळायचा तर चाळीस-पन्नास तास आरामात जातात, सैनिकांचे जॉब, म्हणजे पेशे, बदलत बसलात तर विचारूच नका, आणि डिसगायात तर लेव्हल ९९९९ पर्यंत चढवायची सोय आहे. म्हणजे नोकरी-धंदा, घरचं सगळं सांभाळून वर्षाला तीन-चार झाले तरी खूप. आणि शेल्फवर बघावं तर बॉक्सची रांग, त्यात निम्मे सीलबंद! परत फायर एम्ब्लम काढणारी निन्टेन्डो इथे अधिकृतपणे विकतच नाही, त्यामुळे सगळं इम्पोर्टवाला सांगेल त्या किमतीला नाहीतर दुबईहून येणाऱ्याच्या बॅगेतून. सीलबंद गेम ठेवण्यापेक्षा फेणीची बाटली ठेवा, ती निदान मुरते तरी. मी म्हणतो स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, सेलमध्ये घ्या, खेळा, विषय संपला.

खाजें_आणि_कंट्रोलर
विषय तिथेच सुरू होतो रे बाब. पहिला फायर एम्ब्लम १९९० चा, निन्टेन्डोच्या जुन्या फॅमिकॉम कन्सोलवरचा, फक्त जपानीत. इंग्रजीत यायला ३० वर्षं लागली, ४ डिसेंबर २०२० ला त्यांच्याच स्विच कन्सोलवर आला आणि ३१ मार्च २०२१ ला विक्री बंद. चार महिनेसुद्धा नाहीत! का, तर म्हणे मर्यादित काळासाठी. तेव्हा घेतला त्याच्याकडे आहे, नाही घेतला तो बसला. पुढे २७ मार्च २०२३ ला त्यांच्या थ्रीडीएस कन्सोलचं ऑनलाइन दुकानच बंद केलं, त्यावरचा फायर एम्ब्लम अवेकनिंग आता नवीन डाउनलोड करून दाखव बघू. आणि फायर एम्ब्लम स्टीमवर नाहीच, तिथे तुझा सेल काय कामाचा? दुकानदाराने शटर ओढलं की आपण बाहेर, म्हणून मी बॉक्स घेतो. कधी खेळायचं ते माझं मी बघीन.

प्यादं_पुढे
तू उदाहरणच चुकीचं घेतलंस. त्या १९९० वाल्याचा अमेरिकेत जो अ‍ॅनिव्हर्सरी बॉक्स काढलेला त्यात काय होतं आठव. जुन्यासारखी दिसणारी पेटी, आर्टबुक, आणि कार्ट्रिज म्हणून एक पारदर्शक शोभेची वस्तू. गेम कुठे? डाउनलोड कोडमध्ये! म्हणजे ज्या बॉक्ससाठी लोक आज दामदुप्पट मोजतात त्यात गेमच नाही. आता स्विच २ वर तर गेम-की कार्ड म्हणून प्रकार आलाय, कार्ड खोचा आणि तरीही गेम नेटवरूनच उतरवा. शटर तुझ्या कपाटाच्या आत आलंय.

वाळपईचा_पावस
तुम्ही कोड आणि बॉक्सवरून भांडा, इथे सत्तरी तालुक्यात खरा शत्रू जुलै आहे. गेमबॉय अ‍ॅडव्हान्स ह्या जुन्या कन्सोलचं कार्ट्रिज पावसाळाभर उघड्या शेल्फवर ठेवून बघा, खालच्या पितळी रंगाच्या पट्ट्या आधी निस्तेज होतात, मग कडेने काळपट, आणि मग गेम चालू केला की नुसता पांढरा स्क्रीन. लोक फुंकर मारतात, अजिबात मारू नका, थुंकीचा ओलावा त्यात आणखी. आयसोप्रोपिल अल्कोहोल कानाच्या काडीवर घ्यायचं, एका दिशेने पुसायचं, काडीवर करडा राप येतो तो यायचा थांबेपर्यंत. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचं आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून परत टाकायच्या. कागदी मॅन्युअलचं मात्र काही खरं नाही, पानं चिकटतात आणि वास येतो तो येतोच. आणि सेव्हचं, म्हणजे कुठवर खेळलो त्या नोंदीचं, काय? जुन्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये आत बटन सेल असतो, तो मेला की सेव्ह गेला. नवीन डकवायचा तर सोल्डरिंग लागतं, जुना काढला त्या क्षणी आतला सगळा सेव्ह पुसला जातो. तेव्हा बॉक्स म्हणजे कायमचं, हे डोक्यातून काढा. कलेक्शन करायचं तर राखण करायची तयारी ठेवा.

प्यादं_पुढे
हेच तर म्हणतोय मी.

शांत_जॉयस्टिक
नाही, तू हे म्हणत नाहीस, तू म्हणतोस की स्टीमवर मिळतो तो तोच गेम. तो तोच नसतो. टॅक्टिक्स ओगर १९९५ चा, मग सोनीच्या पीएसपी कन्सोलवर वेगळा झाला, तिथे लेव्हल सैनिकाला नव्हे तर क्लासला, म्हणजे त्याच्या पेशाला, मिळायची, आणि २०२२ च्या रीबॉर्न आवृत्तीमध्ये परत प्रत्येकाची लेव्हल आपापली, पण वर मर्यादा लावली आणि मैदानात ताकद वाढवणारी कार्डं टाकली. कोणाला आवडलं कोणाला नाही, पण डावपेच बदलले ना? फायनल फँटसी टॅक्टिक्सचं तर त्याहून भारी. २०२५ ला इव्हॅलिस क्रॉनिकल्स ही नवी आवृत्ती काढताना त्यांनीच सांगितलं की १९९७ चा मूळ सोर्स कोड उरलेलाच नव्हता, गेम बघत बघत परत उभा करावा लागला. अरे कंपनीने कोड नाही ठेवला, पण गेम लोकांच्या कपाटात चांगला धडधाकट आहे! आणि २००७ च्या पीएसपीवाल्यातले डार्क नाइट, अनियन नाइट हे जॉब ह्या नवीनमध्ये नाहीतच. मग पीएसपीची डिस्क ठेवणारा वेडा कसा?

प्यादं_पुढे
पीएसपीवाला मोबाइलवर कधीचा आलाय, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे. डिस्क कशाला हवी?

शांत_जॉयस्टिक
तिरक्या चौकटींवर बोटाने सैनिक हलवून बघितलास कधी? छपरावरच्या धनुर्धाऱ्यावर टॅप केलं की मागची चौकट निवडली जाते. खेळ एकदा आणि मग सांग मला डिस्क कशाला.

मोपा_ते_मडगाव
मी मधला माणूस. सीलबंद ठेवणारे मलाही पटत नाहीत पण कारण वेगळं. हे गेम उघडलेलेच जास्त मजेशीर. मी सेकंडहँडच घेतो, आणि पहिलं काम काय करतो तर आधीच्या माणसाचा सेव्ह बघतो. जुन्या फायर एम्ब्लममध्ये मेला तो मेला, परत येत नाही, त्यामुळे सेव्ह उघडला की कळतं कोणाला वाचवायला धडपडला आणि कोणाला बिनधास्त पुढे ढकललं. एकाकडे घोडेस्वार सगळे गेलेले आणि एक म्हातारा नाइट भलत्याच लेव्हलला, सगळी किल त्यालाच दिलेली! शेवटून दोन अध्याय आधी सोडलेला. पुसायला जीव होईना. असं डाउनलोडमध्ये कुठे मिळणार.

खाजें_आणि_कंट्रोलर
आणि तो सेव्ह बटन सेलवर असेल तर वाळपईवाल्याचं ऐक, आत्ताच बॅकअप काढ. कार्ट्रिज कॉम्प्युटरला जोडायचे रीडर मिळतात.

प्यादं_पुढे
मोपावाल्याचं कलेक्शन मला मान्य आहे, तो खेळतो. माझं भांडण सीलवाल्यांशी आहे आणि राहणार.

खाजें_आणि_कंट्रोलर
बरं. मग आता तुझ्या स्टीम लायब्ररीचा स्क्रीनशॉट टाक, शून्य तास खेळलेले वेगळे काढून.

प्यादं_पुढे
त्याचा इथे काय संबंध? ते सेलमध्ये घेतलेत.

वाळपईचा_पावस
😂😂 टाक रे टाक