चालता न येणाऱ्यांना आगीत जिन्याने उतरवायचं की वरच थांबवायचं?

चौथा मजला: जुळे सोलापुरात आमची चार मजली इमारत. पक्षाघातानंतर आई लिफ्टशिवाय खाली येऊ शकत नाही. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, तेव्हापासून झोप लागत नाही. परवा सोसायटीत ठरलं, आग लागली की लिफ्ट बंद, सगळ्यांनी जिन्याने उतरायचं. आईचं काय? "अग्निशमनवाले येतील की ओ!" हे मला मान्य नाही. कोणासाठी कोणते दोन शेजारी धावणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. जिन्यावरून उतरवायची खुर्ची वरच्या मजल्यावरच हवी. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली 37 दिव्यांग रहिवासी होते. त्यातले 15 आगीत गेले.

विजापूर रोड: माझा विरोध आहे. आपल्याकडे जिन्याखालीच विजेचे मीटर आणि दुचाक्या. तिथे पेट घेतला की जिन्याचं धुराडं होतं. त्या धुरात आईंना घेऊन उतरलात तर उचलणारेही गुदमरतील. त्यापेक्षा दार लावा, फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या गॅलरीत थांबा, 101 ला मजला सांगा.

चौथा मजला: आणि आग आमच्याच स्वयंपाकघरात लागली तर? गॅलरीला लोखंडी जाळी आहे, उघडणारी खिडकी नाही.

फिजिओ, सात रस्ता: दोघांनाही सांगते. पक्षाघात झालेल्या माणसाला काखेत धरून ओढलं तर खांद्याचा सांधा निखळू शकतो. कसं उचलायचं ते आधी त्या माणसालाच विचारा. आणि नावांची यादी फलकावर लावू नका. एकट्या म्हाताऱ्यांचे पत्ते चोरांच्या हाती कशाला?

विजापूर रोड: जाळीचं बरोबर आहे, तिला आतून उघडणारी झडप करून घ्या. पण जिन्याबाबत मी ठाम आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत ठराविक उंचीपेक्षा उंच इमारतींना आसऱ्याची जागा, म्हणजे आगीत थांबायची सुरक्षित जागा, ठेवावी लागते, व्हीलचेअरसाठी 0.9 चौरस मीटर धरून. आपल्या चार मजल्यांना ती सोय नाही, म्हणून जिना आधी मोकळा करा. मीटर हलवा, मग खुर्ची आणा.

चौथा मजला: मीटर हलवायचा ठराव मी मांडतो, काका. पण तोवर खुर्ची थांबवणार नाही. समोरच्या घरातले दोघे भाऊ रात्रीसाठी तयार झालेत. शनिवारी सराव करतोय, आईच्या जागी मी बसणार आहे.